मस्तिष्क संशोधन केंद्राचा बोलका टोप

“गुरुजी, हा टोप कलिंगडाला घातला तर यंत्र काय बोलेल?”

रेवतीने हे हिंदीत विचारलं, उभं राहून विचारलं, आणि माइक नसतानाही शेवटच्या रांगेपासून स्टेजपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलं. प्रश्न खरं तर तिचा नव्हताच. तो तिच्या दोस्तांनी, प्रणिता आणि आशयने, मिळून तयार केला होता आणि ‘हिंमत असेल तर विचारून दाखव, यार’ म्हणून तिच्या गळ्यात घातला होता. वर्षभरापूर्वीची रेवती असती तर चप्पल शोधायच्या निमित्ताने खुर्चीखाली गेली असती. पण दहावीच्या वर्षात शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून स्वतःचा आवाज मोठ्याने ऐकायची तिला गोडी लागली होती.

समाजसदन गच्च भरलं होतं. दिल्लीच्या सरकारी वसाहतीतलं समाजसदन म्हणजे लग्न, योगवर्ग, मतदान आणि मराठी मंडळाचं हळदीकुंकू एकाच छताखाली उरकणारी जागा. बाहेर मे महिन्याचा भाजणारा वारा, लू, वाहत होता. आत कूलर घरघरत होते आणि त्यांच्यासमोरच्या खुर्च्या मंडळाच्या ज्येष्ठांनी आधीच येऊन, रुमाल टाकून अडवल्या होत्या. आज मात्र कूलरचं कौतुक कुणालाच नव्हतं. सगळे बघत होते स्टेजवरच्या टोपाकडे.

टोप हेल्मेटएवढा, चंदेरी. त्याच्या कडेने निळे-जांभळे दिवे गोल गोल पळत होते. टोपातून निघालेली वायर एका काळ्या पेटीत शिरत होती. पेटीवर एक लाल बटण होतं आणि पेटीतून दोन हेडफोन बाहेर आले होते. शेजारी उभे होते मनोगुरू चित्तप्रकाश. अंगात पांढरा कुर्ता, कुर्त्यावर डॉक्टरांचा कोट, कपाळावर गंध आणि गळ्यात स्टेथोस्कोप. श्रद्धावान आणि विज्ञानवादी, दोघांपैकी कुणीच नाराज होऊ नये अशी चोख व्यवस्था. मागे मोठा फलक होता: ‘मस्तिष्क संशोधन केंद्र’.

“बेटी,” मनोगुरू मधाळ हसले, “तरबूज में बीज होते हैं, विचार नहीं.”

टाळ्या पडल्या. श्रीरंगकाका तर हसून हसून खोकले. श्रीरंगकाका मंडळाचे सचिव, आणि मनोगुरूंना बोलावण्याचा पराक्रम त्यांचाच. सुरुवातीच्या भाषणात त्यांनी बजावून सांगितलं होतं की हे कुणी बुवा-बाबा नाहीत. बुवाबाजीला आपल्या मंडळात थारा नाही. हे संशोधक आहेत, यांचं स्वतःचं संशोधन केंद्र आहे, फलक बघा. सगळ्यांनी फलक बघितला आणि माना हलवल्या.

रेवती खाली बसली. तिसऱ्या रांगेतून आईने, हेमलताबाईंनी, मागे वळून असं काही बघितलं की कूलरशिवाय गार वाटलं.

मग कार्यक्रम सुरू झाला. रीत सोपी होती. मुलाने खुर्चीवर बसायचं, टोप घालायचा, डोळे मिटायचे. दिवे जोरात पळायला लागायचे. मनोगुरू न्यूरो-तरंग, क्वांटम-चेतना आणि ऋषिमुनींची प्रयोगशाळा हे तिन्ही शब्द एका श्वासात म्हणायचे आणि लाल बटण दाबायचे. मुलाला काही ऐकू यायचं नाही. ऐकायचं आईवडिलांनी, हेडफोनमधून. तेवढ्या वेळात हॉलमध्ये मोठ्याने बासरी वाजत राहायची. ऐकून झालं की मनोगुरू ओठांवर बोट ठेवायचे. यंत्राचं बोलणं गुप्त ठेवायचं. दुसऱ्या कुणाला सांगितलं की तरंग विस्कटतात आणि फळ जातं.

आणि काय सांगावं, जे जे आईवडील हेडफोन काढत, त्यांचे डोळे मोठे झालेले असत. कुणी म्हणे, अगदी आमच्या घरात राहून बघितल्यासारखं. कुणाचे डोळे पाणावले. श्रीरंगकाकांनी आपल्या दोन्ही मुलांना बसवलं आणि धावत खाली आले. एक मुलगा सहावीत, दुसरा अकरावीत, पण दोघांबद्दल यंत्र शब्दन् शब्द सारखं बोललं होतं. “सख्खे भाऊ आहेत हे यंत्राला न सांगता कळलं,” काका घाम पुसत सगळ्यांना सांगत सुटले. मागच्या रांगेत आशय एवढंच पुटपुटला की टोपावरचे दिवे करोल बागेत गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात मिळतात, त्याच्या मामाने स्कूटीला लावलेत. पण सोळा वर्षांच्या मुलाचं कोण ऐकतं.

रेवतीची पाळी आली. टोप डोक्यावर घट्ट बसला आणि आत पेट्रोलचा वास आला. तिने मिटल्या डोळ्यांच्या फटीतून बघितलं. आई आणि बाबा दोघांनी हेडफोन लावले होते. आधी आईचा चेहरा उतरला. मग बाबांचा चेहरा उजळला. एकच आवाज ऐकून दोघांची तोंडं दोन दिशांना कशी गेली, याचं तिला नवल वाटलं. पण त्या नवलाचं काय करायचं हे तिला तेव्हा कळलं नाही.

घरी आल्यावर कळलं.

रेवतीला अकरावीला मानसशास्त्र घ्यायचं होतं. कुणी विचारलं तर ती कारणंही सांगायची, न विचारलं तर जास्त सांगायची. माणसं एकटी असताना वागतात तशी गर्दीत का वागत नाहीत, खोटं बोलताना आजी नाकाला हात का लावते, असे तिचे प्रश्न होते. बाबांना, विलासरावांना, हे प्रश्न आवडायचे. विषय आवडत नव्हता. आजोबा इंजिनिअर, आत्या इंजिनिअर, ते स्वतः केंद्र सरकारच्या एका खात्यात इंजिनिअर. तरी त्यांनी ‘बघू’ म्हटलं होतं, आणि विलासरावांचं ‘बघू’ म्हणजे अर्धं ‘हो’ असायचं. शाळेत विषय सांगायची मुदत पुढच्या सोमवारपर्यंत होती.

टोपाने ते अर्धं ‘हो’ खाऊन टाकलं.

“यंत्राने स्पष्ट सांगितलंय,” बाबा जेवताना म्हणाले. “हिचं मन बाहेर भटकतं. हिला घरचा मार्ग सोडू देऊ नका. आता घरचा मार्ग म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.”

“गुपित ठेवायचं होतं ना?” रेवती म्हणाली.

“बघितलंत?” आई बाबांना म्हणाली. “राग. आणि चेष्टा. दोन्ही यंत्राने सांगितलंच होतं.”

कारण आईने ऐकलेलं वेगळंच होतं. यंत्र म्हणालं होतं, हिच्या मनात राग फार आहे, आणि ही चेष्टा फार करते. झालं, त्या दिवसापासून आईला घरभर राग दिसायला लागला. रेवतीने कपाट लावलं की राग. वाऱ्याने दार आपटलं तरी राग. एक दिवस ती मुद्दाम गोड हसून, हळू आवाजात बोलत राहिली, तर आई काळजीने म्हणाली की आता ही आतल्या आत दाबायला लागली. कलिंगडाचा प्रश्न तर चेष्टेचा पुरावा म्हणून कायमचा दप्तरी दाखल झाला. मनोगुरूंनी यावर उपायही ठेवला होता: मानेसरजवळच्या एका फार्महाउसवर मुलांसाठी निवासी शिबिर, मनाच्या शुद्धीचं. नावं पुढच्या रविवारी समाजसदनातच घेणार होते. आईने मनात नाव घालूनही टाकलं होतं.

भांडून उपयोग नव्हता, कारण भांडलं की राग. गप्प बसूनही उपयोग नव्हता. रेवतीला आयुष्यात पहिल्यांदा अशी जागा सापडली होती जिथे काहीही केलं तरी ती चूकच ठरत होती. वादविवादात असं कधी होत नसे.

संध्याकाळी ती बागेत प्रणिताकडे रडगाणं गायला गेली, तर प्रणिताचं रडगाणं तयारच होतं. प्रणिताचे वडील मराठी, आई मधुलिका आंटी लखनौच्या. प्रणिताला बारावीनंतर पुण्याला जायचं होतं. आंटी आता म्हणत होत्या की बिल्कुल नाही.

“मी फार मायाळू आहे म्हणे,” प्रणिता म्हणाली. “मला घराचा लळा फार. आणि मी प्रयत्न फार करते. म्हणून घर सोडायचं नाही.”

रेवतीने तिच्याकडे नीट बघितलं. प्रणिताने गेल्याच महिन्यात कॅरम हरल्यावर बोर्ड उलटा केला होता. “तू? मायाळू? असं यंत्र म्हणालं?”

“मम्मी म्हणाली. इस मन में राग बहुत है.”

“काय?”

“राग, यार. अटॅचमेंट. राग-द्वेषातला राग.” मग प्रणिता जरा थांबली. तिचं मराठी शाळेबाहेरचं, तरी कामापुरतं होतं. “तुमच्यात राग म्हणजे गुस्सा ना?”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. “आणि पुढे चेष्टा होतं का?” रेवतीने विचारलं. होतं. ‘यह चेष्टा बहुत करता है’. लखनौच्या आंटींनी ऐकलं: मुलगी प्रयत्न करते. रेवतीच्या साताऱ्याच्या आईने ऐकलं: मुलगी लोकांची टिंगल करते. शब्द तेच, आवाज तोच. एका घरात त्याने देवता बसवली आणि दुसऱ्या घरात जमदग्नी.

एवढं हाती लागल्यावर रेवती गप्प बसणं शक्यच नव्हतं. शनिवारी ती मेट्रोने विद्यापीठात गेली, क्षिप्राताईकडे. क्षिप्रा बाबांच्या मावसभावाची मुलगी, मानसशास्त्र विभागात पीएच.डी. करत होती. जेवायला आली की विलासकाका तिला दर वेळी विचारायचे, संपलं का गं संशोधन, आणि ती दर वेळी आणखी भात मागायची.

रेवतीने सगळं एका दमात सांगितलं. क्षिप्राताई शांतपणे ऐकत होती. मोबाइलमधला फलकाचा फोटो बघितल्यावर मात्र ती टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली.

“मंडळाने हे वाचून बोलावलं? संशोधन केंद्र म्हणून?”

“हो. का?”

“अगं, फलक हिंदीत आहे. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपण जे करतो ते अनुसंधान, शोध. संविधान संशोधन, म्हणजे घटनादुरुस्ती, ऐकलं नाहीस का? त्या माणसाने कधी सांगितलंच नाही की तो संशोधक आहे. त्याचं डोकी दुरुस्त करायचं दुकान आहे. विद्यापीठ तुम्ही बांधलंत त्याच्या फलकावर.”

मग तिने रेवतीला विभाग दाखवला. एक कुलूपबंद कपाट होतं; त्यात मानसशास्त्रीय चाचण्या. चाचणी पातळ आणि तिची माहितीपुस्तिका जाडजूड. रेवतीने विचारलं, एवढं काय असतं त्यात? क्षिप्राताई म्हणाली, चाचणीची उलटतपासणी असते. कुठल्या लोकांवर करून बघितली, तोच माणूस पुन्हा बसला तर तेच उत्तर येतं का, आणि मुख्य म्हणजे वेगळा माणूस बसला तर वेगळं येतं का. “सगळ्यांना एकच माप सांगणारा काटा वाण्याच्या दुकानातही चालत नाही,” ती म्हणाली.

पुढच्या खोलीत मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी होती. दिवे नव्हते, बासरी नव्हती. कापडी टोपीला बटणं शिवलेली, आणि प्रत्येक बटणाखाली चिकट जेल भरायचं, मग घरी जाऊन केस धुवायचे. पडद्यावर नुसत्या वाकड्यातिकड्या रेघा येतात, आणि त्या रेघांकडे बघून क्षिप्राताईला तीन वर्षांत फक्त ‘कदाचित’ म्हणता आलं होतं. रेवतीला टोपी लगेच घालून बघायची होती. क्षिप्राताईने हात आडवा घातला. तुला अठरा पूर्ण नाहीत. तुझी संमती हवी, आईबाबांची हवी, आणि त्याआधी नीतिसमितीची मंजुरी हवी. इथे माणसाला ‘कसे आहात’ हे अभ्यासासाठी विचारायचं तरी समितीपुढे कारण द्यावं लागतं.

रेवतीला एकदम तो पेट्रोलचा वास आठवला. तिला टोप घालायचा आहे का, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

“आणि तो कलिंगडाचा प्रश्न,” क्षिप्राताई म्हणाली, “चेष्टा म्हणून विचारलास, पण आमच्याकडे तो पहिला प्रश्न असतो. जिथे मेंदू नाही तिथेही यंत्र तेच बोललं, तर यंत्र मेंदूबद्दल बोलत नाहीये.”

रेवती फुलून गेली. तिने तिथल्या तिथे बेत आखला: सगळ्यांच्या आयांना गुपचूप फसवून त्यांच्याकडून यंत्राचं बोलणं काढून घ्यायचं. क्षिप्राताईने तो बेत तिथल्या तिथे हाणून पाडला. फसवून कुणावर काही करायचं नाही, तो त्या माणसाचा धंदा. उघड विचार, सगळ्यांसमोर विचार, आणि सांगायचं की नाही ते त्यांच्यावर सोड.

रविवारी समाजसदन पुन्हा भरलं. मुलांसाठी कलिंगडं आणली होती. ती स्टेजच्या बाजूच्या टेबलावर ओळीने मांडून ठेवली होती. शिबिराला नावं द्यायला आईवडील उभे होते आणि त्यात हेमलताबाईही होत्या. क्षिप्राताई मागे भिंतीला टेकून उभी होती.

रेवतीने माइक मागितला. श्रीरंगकाका द्यायला तयार नव्हते. तेव्हा तिने माइकशिवाय बोलायला सुरुवात केली, आणि मग त्यांनी नाइलाजाने दिला, कारण तिचा आवाज तसाही सगळीकडे पोचत होता.

“ज्यांना सांगावंसं वाटेल त्यांनीच हात वर करा,” ती म्हणाली. “आपलं मूल रागीट आहे, असं यंत्राने कुणाकुणाला सांगितलं?”

माणसं चुळबुळली. फळ जाईल, तरंग विस्कटतील. पण रागीट मुलांच्या आईबापांना सहानुभूतीची भूक फार असते. एक हात वर गेला, मग चार, मग निम्मा हॉल. हेमलताबाईंचा हात सगळ्यांत उंच.

“आणि आपलं मूल मायाळू आहे, घराचा लळा फार आहे, असं कुणाला सांगितलं?”

मधुलिका आंटींचा हात वर झाला. त्यांच्याबरोबर आणखी काही हात. बहुतेक हिंदी घरातून आलेल्या सुना आणि शेजारपाजारचे पाहुणे.

“आता यंत्राचा नेमका शब्द सांगा. हिंदीतला.”

“राग,” आई म्हणाली.

“राग,” आंटी म्हणाल्या.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग कुणीतरी म्हणालं, आम्हालाही चेष्टा होतं. दुसरं कुणी म्हणालं, आणि शेवटी घर का मार्ग. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात वाक्यं जोडली जायला लागली, आणि श्रीरंगकाका आपल्या दोन मुलांकडे आळीपाळीने बघायला लागले.

मनोगुरू मुरलेले होते. त्यांनी दोन्ही हात वर केले. ही वयाची अवस्था आहे, ते म्हणाले. या वयातल्या सगळ्या मनांचे तरंग एकच असतात, म्हणून यंत्र एकच बोलतं. यातच यंत्राची अचूकता आहे. काही माना लगेच हलल्या. रेवतीला आपल्या पायाखालची सतरंजी सरकल्यासारखी वाटली. तिने बाबांकडे बघितलं. बाबा दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते, आणि त्यांचा चेहरा काही सांगत नव्हता.

“बाबा,” ती माइकवरच म्हणाली, “तुमच्या फायलीवर ‘संशोधित अनुमान’ लिहिलेलं असतं. ते प्रयोगशाळेतून येतं का?”

विलासरावांनी मान वर केली. रोज दहा ते सहा, खर्चाच्या दुरुस्त अंदाजावरच्या ज्या शब्दाखाली ते सही करत, तो शब्द मनोगुरूंच्या मागे ठळक अक्षरांत लटकत होता. ऑफिसातले त्यांचे डोळे हिंदी होते आणि मंडळातले मराठी, आणि दोन्ही डोळ्यांची आजवर गाठच पडली नव्हती. ते फलकाकडे बराच वेळ बघत राहिले. मग उठले, टेबलावरचं एक कलिंगड उचललं आणि स्टेजवर जाऊन खुर्चीत ठेवलं.

मनोगुरू म्हणाले, यंत्र थकलं आहे. विलासरावांनी ऑफिसात ठेकेदारांशी बोलतात त्या आवाजात विचारलं, “इसमें आपत्ति क्या है?” यात हरकत काय, या प्रश्नाला दिल्लीत अजून कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

टोप कलिंगडाला अगदी बेताचा बसला. दिवे पळायला लागले. विलासरावांनी हेडफोन कानाला लावला, स्वतःच्या हाताने लाल बटण दाबलं, आणि जे ऐकू येत होतं ते एकेक वाक्य मोठ्याने म्हणायला लागले.

“इस मन में राग बहुत है.”

हॉल हसला.

“यह चेष्टा बहुत करता है, पर फल देर से मिलेगा.”

कलिंगड, आणि फळ देर से. मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. मागची आजी पदराने डोळे पुसत होती.

“यह मन बाहर भटकता है. इसे घर का मार्ग...”

तिथे विलासराव थांबले. शेवटचे शब्द त्यांनी म्हटलेच नाहीत. आठवडाभर ते हेच वाक्य मुलीला ऐकवत होते, आणि आता तेच, त्याच आवाजात, त्याच गंभीरपणे, फळाबद्दल ऐकत होते. त्यांनी हेडफोन काढला आणि स्टेजच्या कडेला येऊन हेमलताबाईंच्या हातात दिला. त्यांनी ऐकलं. ऐकताना त्यांचा हात आपोआप रेवतीच्या खांद्यावर आला.

मनोगुरूंना मानेसरला तातडीची भेट असल्याचं आठवलं. टोप, पेटी आणि स्टेथोस्कोप पिशवीत गेले. फलक तेवढा घाईत राहिला. आशयने पुढे होऊन दिव्यांच्या दुकानाचा पत्ता सगळ्यांना सांगितला, आणि या वेळी लोकांनी त्याचं ऐकलं.

मग क्षिप्राताई बोलली, अगदी थोडं. पेटीत एकच ध्वनिमुद्रण होतं. वाक्य मुलाचं की मुलीचं हे कळू नये म्हणून कर्ता ठेवला होता ‘मन’, आणि हिंदीत मन पुल्लिंगी, म्हणजे क्रियापद बदलायची गरजच नाही. कुणी ताडून बघू नये म्हणून गुप्ततेची शपथ, आणि शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून बासरी. पण खरी करामत पेटीत नव्हती. “वाक्यं रिकामी होती. त्यांत माल तुम्ही भरलात. ज्याला जे वाटत होतं, ज्याला ज्याची भीती होती, तेच त्याला ऐकू आलं. यात मूर्खपणा नाही; माझ्याही कानांचं असंच होतं, सगळ्यांच्याच कानांचं होतं. म्हणून तर आम्हाला कपाटं, पुस्तिका आणि समित्या लागतात, आमच्याच कानांवर पहारा ठेवायला. तुमच्याकडे समिती नाही, तर निदान शेजाऱ्याला विचारा: तुलाही हेच सांगितलं का? एवढं विचारायला पदवी लागत नाही. आणि जो माणूस हे विचारू नका म्हणतो, त्याच्यापासून उठून यायचं.”

श्रीरंगकाकांनी आभार मानले. कुणाचे, ते त्यांनी मोघम ठेवलं. मग कलिंगडं कापली गेली आणि मंडळाने आपला राग त्यांच्यावर काढला.

घराकडे चालताना रस्त्यावर कडुलिंबाचा पिवळा पाला पडला होता आणि लू थोडी शमली होती. आई म्हणाली की मधुलिकाला आणि मला एकाच वेळी वेडं केलं त्या मेल्याने. मग बाबा म्हणाले, “तो आवाज कुठेही ‘इंजिनिअर’ म्हणाला नव्हता. ते मीच ऐकलं. मला तेच ऐकायचं होतं.”

आई म्हणाली, “आणि मला भीती होती, तू मोठी होऊन आमच्यावर रागावशील अशी. बाकी काही नाही.”

यावर दोघांनाही हसू आलं, पण रेवतीला आलं नाही. ती जिन्यापाशी थांबली. इतके दिवस तिने या क्षणासाठी मोठं भाषण तयार केलं होतं. त्यात तीन मुद्दे होते आणि एक शेर होता. आता त्यातलं काही आठवेना, आणि आवाजही नेहमीसारखा चढेना. तो साधा, घरातला आवाज होता.

“आई, बाबा, उद्या शाळेत मी मानसशास्त्र सांगणार आहे. तुम्हाला नको असेल तर नको म्हणा. मी ऐकून घेईन, वाद घालीन, कदाचित हरेनही. पण ते तुमच्या तोंडाने म्हणा, आणि कारण देऊन म्हणा.”